वेदना खरी मानणारा सर्जन : रेने लरीश

युद्धावरून घरी परतलेला सैनिक, अत्याचार सोसलेली स्त्री, रेल्वे अपघातातून जिवंत बाहेर आलेला प्रवासी. प्रसंग संपून वर्षे लोटतात, पण शरीराला ते पटत नाही. दार आपटले की छाती धडधडते, तळहात ओले होतात, झोपेत तोच प्रसंग पुन्हा घडतो. गर्दी नको वाटते, आनंदाच्या गोष्टीतही मन लागत नाही. वैद्यकशास्त्र याला आघातोत्तर तणाव विकार म्हणते. पीटीएसडी हे त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आता मराठी वाचकांनाही परिचित आहे.

या विकारावर गेल्या काही वर्षांत एक अनपेक्षित उपचार तपासला जात आहे. मानेच्या मुळाशी, मणक्याच्या बाजूला मज्जातंतूंची एक लहानशी गाठ असते. ती ताऱ्यासारखी दिसते म्हणून तिला स्टेलेट गँग्लियन म्हणतात. या गाठीभोवती बधिर करणारे औषध सोडायचे, एवढाच हा उपचार. मनाच्या आजारावर मानेत इंजेक्शन ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते. पण हे इंजेक्शन नवे नाही. ते रोजच्या वापरात आणणाऱ्यांत अग्रणी असलेले फ्रेंच सर्जन रेने लरीश यांचे 1955 मध्ये निधन झाले. पीटीएसडी हे नाव अधिकृत निदानाच्या यादीत आले 1980 साली. म्हणजे लरीश यांनी या नावाचा रुग्ण कधी पाहिलाच नाही. तरीही या उपचाराची वाट त्यांच्याच आयुष्यातून जाते.

लियोंची शाळा

लरीश यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1879 रोजी मध्य फ्रान्समधील रोआन या गावी झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लियोंला गेले. पॅरिसच्या सावलीत असले तरी लियों हे त्या काळी शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र होते. 1894 मध्ये याच शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला होता. यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती आणि ती शिवण्याची विद्या तेव्हा कोणाकडे नव्हती. कार्नो वाचले नाहीत. त्या घटनेने अस्वस्थ झालेला लियोंचाच एक विद्यार्थी, आलेक्सी कारेल, पुढे रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र शोधून अमेरिकेत गेला आणि 1912 मध्ये नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. लरीश आणि कारेल यांची मैत्री आयुष्यभर टिकली.

लियोंमध्ये माथ्यू झाबुले नावाचे सर्जन होते. पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर त्यांनी 1899 मध्ये एक वेगळाच प्रयोग केला होता. रक्तवाहिनीभोवती मज्जातंतूंचे जे बारीक जाळे असते ते त्यांनी काढून टाकले. हे जाळे अनुकंपी मज्जासंस्थेचे, म्हणजे सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिमचे. ही व्यवस्था आपल्या इच्छेवर चालत नाही. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडणे, घाम येणे, भीतीने बाहुल्या मोठ्या होणे, हृदयाचे ठोके वाढणे ही तिची कामे. झाबुले यांचा विचार असा होता की या तारा काढल्या तर आखडलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतील, रक्त जास्त पोहोचेल आणि जखम भरेल. त्यांचे काम फारसे कोणी उचलले नाही. 1913 मध्ये ते रेल्वे अपघातात गेले. ती कल्पना मात्र लरीश यांच्या मनात राहिली.

लरीश यांनी 1906 मध्ये पोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेवर प्रबंध लिहून पदवी घेतली. पहिल्या महायुद्धापूर्वी ते अमेरिकेला जाऊन आले. बाल्टिमोरमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया त्यांनी पाहिली. सर्जनचा मोठेपणा वेगात मोजला जाण्याचा तो काळ होता. हॉल्स्टेड मात्र सावकाश काम करत. रक्त कमीत कमी सांडायचे, ऊतींना कमीत कमी दुखवायचे, ही त्यांची रीत. लरीश यांनी तीच रीत आपली केली. सुरी ही जिवंत शरीरावर चालते आणि प्रत्येक चिरेचे उत्तर शरीर आपल्या पद्धतीने देते, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे सूत्र झाले.

1915 : जळणारे हात

मग युद्ध सुरू झाले आणि रुग्णालये जखमी सैनिकांनी भरली. त्यांतल्या काहींची तक्रार डॉक्टरांना चक्रावून टाकणारी होती. दंडातून किंवा मांडीतून गोळी आरपार गेलेली, जखम भरलेली, हाडे शाबूत. पण हात किंवा पाय अखंड जळत असे. त्वचा लाल, चकचकीत, ओलसर. चादरीचा स्पर्शही सहन होत नसे. काही जण दिवसभर ओले फडके गुंडाळून बसत. विशेष म्हणजे कोणी जोरात पावले वाजवली, कागद चुरगळला, अचानक आवाज झाला, मन दुखावले की वेदना उसळत असे.

अमेरिकी यादवी युद्धात फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वीअर मिचेल यांनी अशा सैनिकांचे वर्णन केले होते आणि या आजाराला कॉजाल्जिया, म्हणजे जळती वेदना, असे नाव दिले होते. पण नाव असले म्हणून उपाय मिळत नाही. दुखापत झालेला मज्जातंतू कापला तरी अनेकांची आग थांबत नव्हती. आणि ज्या दुखण्याचा माग लागत नाही त्याविषयी शंका घेणे लष्करात सोपे असते. माणूस ढोंग करतो आहे, त्याला आघाडीवर परत जायचे नाही, असा निष्कर्ष अनेकदा काढला जाई.

ही शंका त्या काळी फक्त दुखणाऱ्या हातापायांपुरती नव्हती. तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर थरथरणारे, वाचा गेलेले, पाठीत वाकून राहिलेले सैनिकही रुग्णालयांत येत होते. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 1915 मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहिताना शेल शॉक हा शब्द छापील वैद्यकात आणला. फ्रान्समध्ये टूर येथील डॉक्टर क्लोव्हिस व्हँसां अशा सैनिकांना विजेचे जबर झटके देत. 1916 मध्ये बातिस्त देशां नावाच्या सैनिकाने तो उपचार नाकारला, डॉक्टरांवर हात उगारला आणि प्रकरण लष्करी न्यायालयात गेले. देशभर त्याची चर्चा झाली. शरीरावर खूण न दिसणाऱ्या जखमेला जखम मानायचे की नाही, हा प्रश्न त्या खटल्याच्या मुळाशी होता.

लरीश यांच्यासमोर शेल शॉकचे रुग्ण नव्हते, जळत्या हातांचे होते. पण त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्यांच्यावर विश्वास ठेवला. मग त्यांनी लक्षणे नीट पाहिली. त्वचेचा रंग बदलतो, घाम येतो, हात कधी गरम तर कधी गार पडतो, भावना उसळल्या की वेदना वाढते. ही सगळी कामे ज्या व्यवस्थेची, तिथेच बिघाड असला पाहिजे. जळती वेदना ही अनुकंपी मज्जातंतूंचा आजार आहे, असा तर्क त्यांनी मांडला. झाबुले यांची जुनी शस्त्रक्रिया त्यांनी वेगळ्या हेतूने वापरली. दंडाच्या धमनीभोवतीचे जाळे काढले आणि काही सैनिकांची आग शमली. 1916 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

योगायोग असा की 1915 मध्येच अमेरिकेत हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचे भीती, राग, भूक आणि वेदना यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवरील पुस्तक आले. संकट दिसले की लढायचे किंवा पळायचे, यासाठी शरीर सज्ज होते आणि ती सज्जता अनुकंपी मज्जासंस्था करते, हे कॅनन यांनी दाखवले. शेल शॉक, जळती वेदना आणि लढा किंवा पळा ही तीन सूत्रे एकाच वर्षाच्या आसपास तीन ठिकाणी लोकांसमोर आली. ती एकत्र यायला मात्र पुढे अनेक दशके जावी लागली.

सुरीऐवजी सुई

युद्धानंतर अल्सेस प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे परत आला. त्याची राजधानी स्ट्रासबर्ग. तिथल्या विद्यापीठात 1924 मध्ये लरीश यांची शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकपदी नेमणूक झाली. जर्मन काळातील सुसज्ज रुग्णालय आणि प्रयोगशाळा हाताशी होती. युरोप-अमेरिकेतून तरुण डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले. पोर्तुगालचे झोआंव सिद दुश सांतुश आले. पुढे हृदयशस्त्रक्रियेत जगप्रसिद्ध झालेले अमेरिकेचे मायकेल डिबेकी आले. रेने फोंतेन हे तर त्यांचे निकटचे सहकारीच बनले.

इथे लरीश यांच्या कामाला नवे वळण मिळाले. अनुकंपी तारा कापल्या की त्या पुन्हा जोडता येत नाहीत. तेव्हा कापण्याआधी त्या तात्पुरत्या बंद करून पाहिल्या तर? रुग्णाला उपयोग होणार की नाही हे आधीच कळेल. त्यासाठी साधन तयार होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन हे बधिर करणारे औषध बनवले होते. त्याआधी वापरात असलेल्या कोकेनपेक्षा ते खूपच सुरक्षित होते.

म्हणून लरीश आणि त्यांचे सहकारी गाठींभोवती, रक्तवाहिन्यांभोवती, दुखऱ्या जागी नोव्होकेन सोडू लागले. आणि त्यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. नोव्होकेनचा अंमल तासाभरात उतरतो. पण काही रुग्णांचा आराम त्यानंतरही टिकत होता. कधी काही दिवस, कधी त्याहून जास्त. जणू एखादे चक्र अडकून पडले होते आणि क्षणभर थांबवल्यावर ते पुन्हा त्याच वेगाने सुरू होत नव्हते. चाचणी म्हणून आणलेली सुई अशा तऱ्हेने स्वतःच उपचार ठरली. लरीश तिला रक्त न काढणारी सुरी मानत.

मानेतील ताऱ्यासारख्या गाठीचे इंजेक्शन हा त्यातलाच सर्वांत नाजूक प्रकार. ही गाठ मानेच्या सातव्या मणक्याच्या आणि पहिल्या बरगडीच्या आसपास असते. शेजारून मेंदूकडे जाणारी धमनी जाते, खाली फुप्फुसाचे टोक असते. डोके, मान, हात आणि हृदय यांच्याकडे जाणाऱ्या अनुकंपी तारांचा मोठा भाग तिच्यातून जातो. 1934 मध्ये लरीश आणि फोंतेन यांनी या इंजेक्शनची पद्धत, ते कोणाला द्यावे आणि त्याचे परिणाम काय, हे सविस्तर मांडले. औषध योग्य जागी पोहोचल्याची खूण लगेच दिसते. त्या बाजूची पापणी खाली येते, बाहुली बारीक होते, गाल आणि हात उबदार होतो. काही तासांत हे सारे पूर्ववत होते.

हृदयशूळ, हाताच्या बोटांचा रक्तपुरवठा आखडणारा रेनोचा आजार, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, पक्षाघाताचा झटका अशा अनेक दुखण्यांत लरीश यांनी या इंजेक्शनची आशा धरली. त्यांतल्या बऱ्याच आशा पुढे टिकल्या नाहीत. रक्तवाहिनीभोवतीचे जाळे काढण्याची त्यांची आवडती शस्त्रक्रियाही 1920 च्या दशकात युरोपभर पसरली आणि नंतर मागे पडली. अनुकंपी तारांच्या गाठीच काढण्याची शस्त्रक्रिया तिच्याऐवजी आली आणि बराच काळ टिकली. 1949 मध्ये ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांच्या पायातील रक्तप्रवाह सुधारण्यासाठी बकिंगहॅम राजवाड्यातच ती करण्यात आली होती.

वेदनेची बाजू

1937 मध्ये लरीश पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या प्रतिष्ठित संस्थेत अध्यापक झाले. जीवाणूशास्त्रज्ञ आणि नोबेल विजेते शार्ल निकोल यांच्या निधनानंतर ती जागा रिकामी झाली होती. इथे परीक्षा नसतात, पदव्या नसतात, व्याख्याने कोणालाही ऐकता येतात. लरीश यांनी विषय निवडला वेदनेचा. त्याच वर्षी वेदनेच्या शस्त्रक्रियेवरील त्यांचे पुस्तक आले. 1939 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

त्या काळी वेदनेबद्दल डॉक्टरांमध्ये एक समजूत पक्की होती. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा आहे, म्हणून ती उपकारकच. लरीश यांना हे अजिबात मान्य नव्हते. कर्करोग फार उशिरा दुखतो, तेव्हा घंटा वाजून उपयोग काय? उलट चेहऱ्याच्या मज्जातंतूची वेदना माणसाला वेडेपिसे करते, पण कुठल्याच धोक्याची सूचना देत नाही. पाय कापल्यावर नसलेल्या पायाची बोटे दुखतात, ती कोणाला सावध करतात? दीर्घकाळ टिकणारी वेदना ही सूचना नसून स्वतःच एक आजार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती माणसाला लहान करते, चिडचिडा करते, घरच्यांपासून तोडते. आणि सहन करायला सोपी असते ती फक्त दुसऱ्याची वेदना, हे ते सहकाऱ्यांना बजावत.

वेदना प्रयोगशाळेत मोजता येत नाही म्हणून ती दुय्यम ठरत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. उत्तेजन दिले की तारेतून संदेश जातो आणि मेंदूत वेदना उमटते, इतके सरळ ते नाही. तीच जखम एकाला दुखते, दुसऱ्याला नाही. त्या क्षणी माणसाच्या मनात काय चालले आहे, त्याने आधी काय सोसले आहे, यावर वेदना ठरते. आजची वेदनाशास्त्राची पाठ्यपुस्तके याहून फार वेगळे सांगत नाहीत. निरोगीपणाची त्यांची कल्पनाही अशीच रुग्णाच्या बाजूने होती. आपल्याला अवयव आहेत याची जाणीवच होत नाही, ती अवस्था म्हणजे आरोग्य, असे ते मानत. तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी 1943 च्या आपल्या प्रबंधात या कल्पनेची दखल घेतली आणि वैद्यकाच्या तत्त्वज्ञानात ती कायमची जाऊन बसली.

रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतही त्यांचे नाव राहिले. पोटातील महाधमनी जिथे दोन पायांसाठी विभागते तिथे ती बंद झाली तर चालताना कंबर आणि मांड्या दुखतात, पायांची नाडी लागत नाही, पुरुषांमध्ये लैंगिक दुर्बलता येते. 1940 मध्ये त्यांनी हे चित्र नीट मांडले. वैद्यकाचे विद्यार्थी आजही ते लरीश सिंड्रोम म्हणून शिकतात. त्यांचे शिष्य झां कुंलँ यांनी 1948 मध्ये पायाचीच शीर वापरून बंद धमनीला वळसा घालणारा रक्तमार्ग तयार केला. बायपास हा शब्द आज घराघरांत गेला आहे, त्यामागच्या कामात या शाळेचा वाटा मोठा आहे.

डाग

1940 मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि मार्शल पेतँ यांचे विशी सरकार आले. त्या सरकारने ऑक्टोबर 1940 मध्ये डॉक्टरांची सर्वोच्च संघटना कायद्याने स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद लरीश यांच्याकडे दिले. त्यांनी ते स्वीकारले. व्यवसायात शिस्त आणि नीती आणण्याची संधी म्हणून अनेक डॉक्टर या संघटनेकडे पाहत होते. पण सरकार कसले होते हे त्याच महिन्यांत दिसत होते. परदेशी वंशाच्या डॉक्टरांना व्यवसायबंदी करणारा कायदा आधीच झाला होता. ऑगस्ट 1941 मध्ये ज्यू डॉक्टरांची संख्या 2 टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारा हुकूम निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीत संघटनेची यंत्रणा वापरली गेली. लरीश 1942 च्या अखेरीपर्यंत पदावर होते.

युद्धानंतर फ्रान्सने ती संघटना नव्याने उभारली. लरीश यांचे वैज्ञानिक मानसन्मान थांबले नाहीत. पण इतिहासकारांनी हा हिशेब सोडलेला नाही आणि सोडूही नये. ज्याने संशयाखालच्या सैनिकाचे दुखणे खरे मानले, तोच डॉक्टर सहव्यावसायिकांच्या अपमानाच्या काळात त्यांना वगळणाऱ्या व्यवस्थेच्या शिरोभागी बसला. रुग्णाच्या खाटेजवळ दाखवलेली संवेदना खुर्चीवर बसल्यावर आपोआप टिकत नाही, हे त्यांच्या चरित्रातील कठोर सत्य आहे.

शेवटची वर्षे त्यांनी लेखनात घालवली. 1951 मध्ये शस्त्रक्रियेच्या तत्त्वज्ञानावरचे त्यांचे पुस्तक आले. 28 डिसेंबर 1955 रोजी भूमध्य समुद्राकाठच्या कासी या गावी त्यांचे निधन झाले. आठवणींचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. 1958 मध्ये फ्रान्सच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

सुई पुढे कुठे गेली

लरीश यांच्या हयातीतच सुईचा प्रवास सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धात जळत्या वेदनेच्या सैनिकांवर अमेरिकी डॉक्टरांनी अशी इंजेक्शने मोठ्या प्रमाणात वापरली. लष्करी रुग्णालयात हे काम केलेले भूलतज्ज्ञ जॉन बोनिका यांनी 1953 मध्ये वेदनाउपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. स्वतंत्र वेदना चिकित्सालयांच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. आज भारतातील वेदना चिकित्सालयांतही हे इंजेक्शन दिले जाते, मुख्यतः दुखापतीनंतर हात जळत राहण्याच्या आजारासाठी.

मनाच्या दुखण्याशी त्याचा संबंध हळूहळू पुढे आला. 1947 मध्येच अमेरिकेतील डॉक्टरांनी औदासीन्याच्या रुग्णांवर दोन्ही बाजूंच्या गाठींचे इंजेक्शन वापरून पाहिले होते. 1990 मध्ये एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याला जळती वेदनाही होती आणि पीटीएसडीही. इंजेक्शने वेदनेसाठी दिली, पण आघाताची लक्षणेही उतरली. 2008 मध्ये शिकागोचे भूलतज्ज्ञ युजीन लिपोव्ह यांनी खास पीटीएसडीसाठी हे इंजेक्शन दिल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. नंतर इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांमध्ये त्याचा वापर वाढला.

त्यामागचा तर्क लरीश आणि कॅनन या दोघांच्या कामांना जोडणारा आहे. पीटीएसडीमध्ये धोका टळल्यावरही शरीराची लढा किंवा पळा ही यंत्रणा चालूच राहते. मानेतील गाठ त्या यंत्रणेचा महत्त्वाचा टप्पा आहे. मेंदूतील भीतीशी निगडित केंद्रांशीही तिचे अप्रत्यक्ष संबंध आहेत. ती काही तास शांत केली तर अडकलेले चक्र मोकळे होईल, असे संशोधक मानतात.

पण पटणारा तर्क म्हणजे पुरावा नव्हे. लरीश यांच्या पिढीत उपचाराचे मोल ठरे ते सर्जनने पाहिलेल्या रुग्णांवरून. बरे झालेले लक्षात राहत, न झालेले विसरले जात आणि विश्वासू डॉक्टरच्या हाताने आलेला आराम औषधाच्या खात्यात जमा होई. त्यांच्या अनेक आशा कोमेजल्या त्या याच कारणाने. आज तुलना करावी लागते. काहींना खरे इंजेक्शन, काहींना मिठाच्या पाण्याचे, आणि कोणाला काय मिळाले हे लक्षणे मोजणाऱ्याला माहीत नाही.

अशा दोन चाचण्या इथे महत्त्वाच्या आहेत. अमेरिकी नौदलाच्या रुग्णालयात 42 जणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनच्या परिणामांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तीन लष्करी रुग्णालयांत 113 सैनिकांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने दिली गेली. आठ आठवड्यांनी खऱ्या इंजेक्शनच्या गटात लक्षणांचे गुण सरासरी 12.6 ने उतरले, खोट्या गटात 6.1 ने. हे गुण 0 ते 80 या पट्टीवर मोजले जातात. फरक खरा होता, पण चमत्कार नव्हता. शिवाय खोटे इंजेक्शन मिळालेल्यांनाही बऱ्यापैकी आराम पडला, हे विसरून चालत नाही.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती लरीश यांना चांगली ओळखीची होती. औषध लागू पडले की पापणी उतरते, गाल गरम होतो. आरशात पाहिले की रुग्णाला आपल्याला खरे औषध मिळाल्याचा अंदाज येतो. मग आराम औषधाचा की अपेक्षेचा, हे वेगळे करणे अवघड जाते. म्हणूनच अमेरिकेच्या माजी सैनिक आणि संरक्षण विभागांनी 2023 च्या उपचार मार्गदर्शिकेत या इंजेक्शनची शिफारस करायला किंवा ते नाकारायला पुरेसा पुरावा नाही, असे नोंदवले आहे.

आघाताच्या आठवणींना थेट सामोरे नेणारी मानसोपचार पद्धती हाच या विकारावरचा आजही पहिला उपचार आहे. सर्ट्रलीन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दिली जातात. इंजेक्शनने कोणाची धडधड आणि दचकणे कमी झाले, तर त्याला मानसोपचाराच्या खोलीत बसणे सोपे जाईल, अशी अपेक्षा आहे. ते देणारा हात अनुभवी असावा लागतो, सोनोग्राफी किंवा क्ष-किरण यंत्राच्या मदतीने सुईची जागा पाहावी लागते. काही तास आवाज बसणे नेहमीचे असते. औषध चुकून धमनीत गेले तर झटका येऊ शकतो, फुप्फुसाला सुई लागू शकते. खात्रीलायक गुण येईल असे सांगून पैसे घेणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

या उपचाराचे पुढे काय होईल ते मोठ्या चाचण्या ठरवतील. 1915 मध्ये रुग्णालयाच्या खाटांवर ओले फडके गुंडाळून बसलेल्या सैनिकांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट चाचणीची वाट न पाहता ठरली होती. त्यांचे दुखणे दिसत नव्हते, तरी ते शरीरात होते आणि त्याला वाट होती. आवाजाने दचकणाऱ्या, रात्री न झोपणाऱ्या माणसाला मन घट्ट कर असे सांगण्याआधी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी एवढे मान्य केले, तरी उपचाराची सुरुवात झालेली असते.